कडं कोणी काढलं?

पत्रा म्हटलं की माणसाची मान आपोआप वर जाते, छपराकडे. जरा खाली बघा. शेडच्या मागच्या बाजूला, मातीत बोटभर रुतलेला, गुडघ्याएवढ्या उंचीचा, गोल उभा आहे तो मी. होय, मीच बोलतोय. आजवर कधी बोललो नाही. पत्र्याचा आवाज निघायला कुणाला तरी दगड मारावा लागतो, नाहीतर गारा तरी पडाव्या लागतात. आज कुणी काही मारलेलं नाही. एक गोष्ट मनात सलतेय, ती सांगायला तोंड उघडलंय. ही गोष्ट माझ्याशिवाय तीन माणसांना ठाऊक आहे आणि तिघंही गप्प आहेत.

जन्मानं मी सपाट. दुकानात आम्ही भाऊ एकावर एक रचून पडलेलो असायचो. एकेक गिऱ्हाईक येई आणि कुणी छप्पर होई, कुणी पाण्याची टाकी, कुणी मोरीचं दार. मला न्यायला आला तो एक तरुण माणूस. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यानं कारागिराकडून माझ्या लांब पट्ट्या कापून घेतल्या, त्या बोल्टनं एकमेकींना जोडायला भोकं पाडून घेतली, आणि मग अडून बसला, "वरची-खालची कड दुमडून दे. धार राहिली तर पिल्लांच्या माना कापतील."

"कोंबडीच्या पोरांचे एवढे लाड?" कारागीर हसत म्हणाला. "तुझ्या सासऱ्यानं तुझे तरी केले होते का रे?"

धाकट्यानं नवीनच शेड बांधलं होतं. तो आणि त्याची बायको मिळून कोंबड्या पाळणार होते. त्यानं मला जमिनीवर उभं केलं, टोकाला टोक आणलं, बोल्ट आवळले, आणि मी गोल झालो. बायकोनं विचारलं, "एवढं मोठं शेड आहे, मग हे कडं कशाला?"

"पिल्लांना कोपरा दिसता कामा नये म्हणून," धाकटा म्हणाला. "थंडी वाजली, धावली कोपऱ्यात. घाबरली, धावली कोपऱ्यात. पुढचं भिंतीला टेकतं, मागचं त्याच्या अंगावर चढतं, त्याच्यावर आणखी एक. खालची गुदमरून मरतात. गोलात कशी, धावून धावून कुठं जाणार? फिरून पुन्हा उबेलाच येतात."

तेव्हा मला माझ्या जन्माचा अर्थ कळला. मला दार नाही, खिडकी नाही, छप्पर नाही. मला कोपराही नाही, आणि तेवढ्यासाठीच मी आहे. घरात त्या दिवसापासून माझं नाव कडं पडलं.

पिल्लं यायची ती भोकं पाडलेल्या खोक्यांतून, एका दिवसाची. यंत्रात उबवलेली, त्यामुळे आई म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसायचं, आणि चोच कशासाठी दिलीय हेही नाही. धाकट्याची बायको, तिला सगळे धाकटीच म्हणत, एकेक पिल्लू हातात घ्यायची. बोटांत मान अलगद धरून त्याची चोच साखरपाण्यात बुडवायची. पिल्लू दचकायचं, मग मान वर करून घोट गिळायचं. "हं, शिकलास. चल, पुढचा," म्हणत ती त्याला माझ्या आत सोडायची. एकालाही पाणी शिकवल्याशिवाय तिनं कधी खाली ठेवलं नाही.

खाली भुसा, भुशावर जुनी वर्तमानपत्रं. पहिले काही दिवस कागद अंथरले नाहीत तर ही वेडी खाद्य सोडून भुसाच खात बसतात. मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या फोटोंवर पिल्लांनी काय काय करून ठेवलं ते मी सांगत नाही. कुणी तक्रार घेऊन आलं नाही एवढं खरं.

माझ्या मधोमध साखळीला एक छत्री टांगलेली असे. तीही पत्र्याचीच, आमच्याच जातीची, पण आतून दिवे लावलेले म्हणून तिचा तोरा मोठा. तिची ऊब म्हणजेच पिल्लांची आई. ऊब कमी पडली की सगळी तिच्याखाली गोळा व्हायची आणि जिवाच्या आकांतानं ओरडायची. जास्त झाली की तिच्यापासून लांब पळून माझ्या अंगाला चिकटायची, चोची उघड्या टाकून धापा टाकायची. बरोबर असली की सगळीकडे सारखी पांगलेली, आणि चिवचिव अशी बारीक की लांबून पाणी झिरपल्यासारखी वाटावी. धाकटी दारात पाय टाकायच्या आधीच आवाजावरून ओळखायची. उकडलं तर साखळी ओढून छत्री वर घ्यायची, गारठलं तर खाली सोडायची. बाकी कशाला हात लावायचा नाही. पिल्लं वाढतील तसे माझे बोल्ट सोडून आणखी एक पट्टी घालायची आणि मला थोडं मोठं करायचं. पंख फुटून ती आपल्या अंगाची ऊब धरायला लागली की मगच मला काढायचं.

बऱ्याच बॅच मी अशा सांभाळल्या. पिल्लं मोठी होऊन कुठं जातात हे मला ठाऊक नाही असं समजू नका. दाराशी गाडी लागायची, जाळीचे पिंजरे भरायचे. त्याचं मी दुःख करत बसलो नाही. माझ्या हाती पहिले दिवस होते, ते मी नीट पार पाडत होतो.

मग एकदा धाकट्याला ताप आला. दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही.

मला गुंडाळून, सुतळीनं बांधून शेडच्या कोपऱ्यात उभं केलं गेलं. ज्याला कोपरा नाही त्यालाच कोपऱ्यात ठेवलं म्हणून एरवी मी हसलो असतो. खाद्याच्या रिकाम्या पोत्यांना वास यायला लागला, छत्रीत कोळ्यानं संसार मांडला. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही.

दार उघडलं तेव्हा आत आला तो थोरला, म्हणजे धाकट्याचा मोठा भाऊ. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याची बायको मुलांच्या शाळेसाठी शहरात राहते आणि तो इथं म्हाताऱ्या आईच्या हातचं जेवतो. धाकटीशी तो सरळ बोलत नसे. ती समोर उभी असली तरी आईकडे बघून बोलायचा. त्या दिवशी त्याच्यासोबत एक फरशीवाला होता. फरशीवाल्यानं भिंतींवर थापा मारून बघितल्या, पावलांनी शेडची लांबी मोजली आणि मान डोलावून निघून गेला. मग म्हातारी आणि धाकटी आत आल्या.

"आई, हिला सांग," थोरला म्हणाला, "शेड गोदामासाठी द्यायचं म्हणतोय. हिच्या भावाचाही निरोप आलाय. घेऊन जातो म्हणाला."

"भावाकडे जाऊन काय करू?" धाकटी म्हणाली. "त्याच्या घरात आधीच पाय ठेवायला जागा नाही. वहिनीच्या हाताखाली आयुष्य काढू? भाऊजी, हे शेड आम्ही दोघांनी उभं केलंय. मला एक बॅच काढू द्या. नीट निघाली तर शेड माझ्याकडे राहू द्या. नाही निघाली तर मी स्वतः सामान बांधते, तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही."

"आई, हिला सांग, हा पोरखेळ नाही."

"तूच सांग की," म्हातारी फटकन म्हणाली. "समोर उभी आहे. बहिरी झालीय का ती?"

थोरला गडबडला. धाकटीकडे बघवेना, आईकडे बघायची सोय राहिली नाही. शेवटी माझ्याकडे बघत म्हणाला, "बरं. एक बॅच." एका पत्र्याला इतका मान आजवर कुणी दिला नसेल.

पिल्लं देणाऱ्या कंपनीचे एक साहेब होते, डोक्यावरची टोपी कधी न काढणारे. एकट्या बाईच्या भरवशावर पिल्लं द्यायला ते आधी कांकूं करत होते. धाकटीनं शेड धुतलं, चुना मारला, मला उन्हात उलगडून खसाखसा घासलं, आणि मग त्यांना बोलावलं. त्यांनी टोपीखालून सगळं बघितलं आणि पिल्लं कबूल केली.

खोकी आली त्या दिवशी म्हातारीही आली. तिला थोरल्यानंच पाठवलं होतं, सून काय करते बघायला. ती दारात खुर्ची टाकून जरा वेळ तोऱ्यात बसली. मग धाकटी एकटी एवढ्या चोची कशी बुडवणार हे तिला बघवेना. ती भुशात येऊन बसली. हात थरथरत होते, त्यामुळे पहिल्या पिल्लाची चोच पाण्यात जायच्या ऐवजी सगळं डोकंच गेलं.

"आई, पाणी पाजायचंय, आंघोळ नाही घालायची," धाकटी म्हणाली.

"गप बस. तुझ्या नवऱ्याला मीच पाजून मोठा केला," म्हातारी म्हणाली. मग दोघींनी एकेक पिल्लू उचललं.

त्यानंतर म्हातारी रोज यायला लागली. घरी धाकट्याचं नाव काढलं की थोरला भरल्या ताटावरून उठायचा. त्यामुळे मेलेल्या मुलाबद्दल बोलायला तिला जागाच उरली नव्हती. ती जागा तिला माझ्याजवळ मिळाली. तो लहानपणी कसा हट्टी होता, लग्नात कसा घोड्यासारखा घामाघूम झाला होता, असं काहीबाही ती सांगायची आणि धाकटी भांडी घासता घासता ऐकायची. कधी हसायच्या, कधी पदर डोळ्यांना लावायच्या. एकदा म्हातारी म्हणाली, "मला मुलगी झाली नाही ते बरं. तुझ्यासारखी निघाली असती तर मला म्हातारपणी असंच भुशात लोळवलं असतं." धाकटी इतकी हसली की छत्रीखालची पिल्लं बिचकून उठली.

बॅच छान चालली होती. रोज सकाळी धाकटी मेलेली पिल्लं शोधायची आणि रोज तिच्या हाताला एखाददुसरंच लागायचं, कधी एकही नाही. खाद्य फस्त होत होतं, पंखांची टोकं दिसायला लागली होती. एवढी निरोगी पिल्लं धाकट्याच्या काळातही आम्ही फारशी पाहिली नव्हती.

पहिला आठवडा संपत आला आणि लस टोचायची, म्हणजे खरं तर डोळ्यात थेंब टाकायची, वेळ झाली. ही लस बर्फात ठेवावी लागते, शहरातल्या दुकानातूनच आणावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब येणार होते. पिल्लं बघून, लस देऊन, पुढच्या बॅचचं नक्की करू म्हणाले होते. धाकटी थर्मास घेऊन निघाली. निघताना तिनं म्हातारीला बजावलं.

"आई, ऊन चढलं की पिल्लं कड्याला चिकटतील. तेव्हा फक्त साखळी ओढून छत्री वर घ्या. दुसरं काही करू नका. मी दिवस मावळायच्या आत येते."

"अगं जा. मी काय लहान आहे?"

दुपारी खरंच ऊन तापलं. पिल्लं छत्रीपासून पळाली आणि चारी बाजूंनी माझ्या अंगाला येऊन टेकली. त्यांच्या उघड्या चोचींचा गरम श्वास मला लागत होता. म्हातारीनं साखळी ओढली. साखळी अडकली होती, तिच्या हातात जोर नव्हता. तिनं दोनतीनदा झटका दिला, मनगट दुखावून घेतलं आणि थोरल्याला बोलवायला गेली.

भाऊ गेल्यापासून, फरशीवाल्याला घेऊन आला तेवढा दिवस सोडला, तर थोरला शेडमध्ये आला नव्हता. तो आला तो कपाळाला आठ्या घालूनच. पण पिल्लं बघितल्यावर माझ्याजवळ उकिडवा बसला. एक पिल्लू उचलून त्यानं तळहातावर घेतलं.

"आई, बघ याची छाती कशी धडधडतेय."

तो हसला. खरंच हसला. म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. धाकटा गेल्यापासून तिनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

"केवढ्या दाटीत कोंबलंय यांना," तो म्हणाला. "एवढं शेड मोकळं पडलंय आणि ही तुरुंगात. भिंतीला नाकं घासतायत बिचारी."

"ती म्हणाली, फक्त साखळी ओढा."

"तिला कुणीतरी शिकवलंय तसं ती करते. जीव घुसमटतोय त्यांचा, डोळ्यांना दिसत नाही का?"

त्यानं माझे बोल्ट सोडले. घाईनं नाही, पिल्लाच्या पायाला लागू नये म्हणून जपून सोडले. मला गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. भर उन्हात दिवे कशाला म्हणून दिवे बंद केले. वारा यावा म्हणून बाजूच्या जाळीवरचे पडदे वर गुंडाळले. पिल्लं क्षणभर होती तिथंच थांबली, मी अजून आहे असं समजून. मग एकानं धाव घेतली आणि सगळी सुटली. चिमुकले पंख पसरून शेडभर धावत सुटली. म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली. खोटं कशाला बोलू, बघायला फार सुंदर दिसत होतं.

"बघ," थोरला म्हणाला. "एवढंच हवं होतं त्यांना."

मायलेक जेवायला घरी गेले. मला ओरडावंसं वाटत होतं. पण बांधलेला पत्रा साधा वाजतही नाही.

दुपार कलली तसं आभाळ भरून आलं. गार वारा सुटला आणि गुंडाळलेल्या पडद्यांखालून सरळ आत घुसला. घर शेडपासून लांब आहे. म्हातारीला वाऱ्याच्या आवाजानं जाग आली, ती काठी घेऊन निघालीही होती. थोरल्यानं तिला दारातच अडवलं. "एवढ्या वाऱ्यात पडशील. पिल्लंच आहेत ती, काय होतंय त्यांना?" हे मला पुढं म्हातारीकडूनच कळलं.

पिल्लं आधी छत्रीखाली गेली. छत्री गार होती. मग ती आवाज करायला लागली, तो गारठल्याचा आवाज, मी पुष्कळदा ऐकलेला. तो ऐकला की धाकटी हातातलं काम टाकून धावत यायची. कुणी आलं नाही. मग पडद्याची दोरी सुटली, पडदा फाडकन भिंतीवर आपटला आणि सगळी पिल्लं एकदम उधळली. वाऱ्याकडे पाठ करून ती पळाली, ती थेट समोरच्या कोपऱ्यात.

पुढचं सांगणं मला जड जातंय. पहिली भिंतीला टेकली. मागची त्यांच्यात घुसली, मग त्यांच्यावर चढली. वरच्यांना खालच्यांची ऊब लागत होती, म्हणून आणखी पिल्लं येऊन चढत होती. त्यांचा काय दोष? ऊब मिळेल तिथं जायचं एवढंच त्यांना कळत होतं. ढिगाच्या तळातून आधी फार मोठा आवाज येत होता. मग तो बारीक झाला. मग फक्त वरच्यांचा आवाज राहिला. मी दहा पावलांवर, भिंतीला टेकून उभा होतो. मला आयुष्यात एकच काम दिलेलं होतं.

धाकटी आली ती दिवस मावळता मावळता. थर्मास छातीशी धरलेला. दारातच थबकली, कारण नेहमीचा आवाज नव्हता. मग तिला कोपरा दिसला. थर्मास कुठं ठेवला हे तिलाही कळलं नसेल. ती गुडघ्यांवर पडली आणि दोन्ही हातांनी ढीग उपसायला लागली. वरची पिल्लं चिवचिवत बाजूला झाली. त्यांच्या खालची लटपटत होती. त्यांच्याही खालची चपटी झाली होती, पण अंग अजून गरम होतं. गरम आहे म्हणून ती एकेकाला हलवून बघायची, चोच उघडून फुंकर घालायची, आणि बाजूला ठेवायची. बाजूला ठेवलेल्यांचा ढीग मोठा होत गेला. ती रडत नव्हती. "थांबा, थांबा, आले मी," एवढंच पुटपुटत होती.

मग तिनं माझी सुतळी तोडली, मला उलगडलं, वाचलेल्यांभोवती उभं केलं, दिवे लावले, पडदे बांधले. बोल्ट लावताना तिची बोटं घसरत होती. जी वाचली ती निम्मीसुद्धा नव्हती. म्हातारी आणि थोरला दारात येऊन उभे राहिले होते, पण आत यायचा धीर दोघांनाही झाला नाही.

सकाळी ठरल्याप्रमाणे साहेब आले. मेलेली पिल्लं पोत्यांत भरून दाराशी ठेवलेली होती. साहेबांनी एका पोत्याचं तोंड उघडून पाहिलं. आत आले, कोपऱ्यातला तुडवलेला भुसा पाहिला, आणि त्यांना सगळं कळलं.

"बाई, थोडीफार मर प्रत्येक बॅचमध्ये होते, त्याचं मी काही म्हणत नाही. पण ही हयगय आहे. कडं कोणी काढलं?"

धाकटीनं थोरल्याकडे पाहिलं. तो पायानं भुसा सारत होता. तोंड पांढरं पडलेलं, नजर जमिनीत. त्याच्याकडे बघून तिनं म्हातारीकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. ती फक्त वाट बघत होती, आई बोलतील म्हणून. मीही वाट बघत होतो.

"हिनंच काढलं," म्हातारी म्हणाली. "जाताना. म्हणाली, पोरांना मोकळं वाटेल."

शेडमध्ये वाचलेल्या पिल्लांची चिवचिव तेवढी चालू होती. थोरल्यानं मान वर करून आईकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. 

"खरं आहे का बाई हे?" साहेबांनी विचारलं.

धाकटीनं थोरल्याकडे बघितलं नाही, म्हातारीकडेही नाही. "हो," ती म्हणाली. "मीच काढलं."

साहेब चांगले माणूस होते. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. पण त्यांनी वाचलेली पिल्लं दुसऱ्या शेडवर हलवायला गाडी मागवली आणि पुढच्या बॅचचा विषयच काढला नाही.

धाकटीनं तिचा शब्द पाळला, सामान स्वतः बांधलं. जायच्या आधी शेड झाडायला आली. म्हातारी मागोमाग आली.  धाकटी केर काढत राहिली.

"तू तरुण आहेस," म्हातारी शेवटी म्हणाली. "तुला कुठंही थारा मिळेल. मला थोरल्याच्याच दारात मरायचंय. एक गेला. दुसऱ्याला परक्या माणसासमोर खाली बघायला लावलं असतं तर..."

"मला माहीत आहे, आई."

"मला शिव्या तरी दे."

"तुमची औषधं फडताळात वरच्या खणात आहेत," धाकटी म्हणाली. "खालच्या खणातली संपलीत." केरसुणी जागेवर ठेवून ती निघून गेली. ती भावाकडे कशी आहे, हे मला कळायला मार्ग नाही.

शेडमध्ये आता फरश्यांचे गठ्ठे आहेत. थोरल्यानं शेडच्या मागं खड्डा खणून ती पोती पुरली होती. दुसऱ्याच दिवशी कुत्री उकरायला आली. मग त्यानं मला आणलं आणि खड्ड्याभोवती उभं केलं. बोल्ट आवळले, खालची कड मातीत दाबली, चारचारदा हलवून बघितलं. कुत्र्याला हाकलण्यासाठी एवढं करायची गरज नव्हती. तो बराच वेळ बोल्टवर हात ठेवून बसून राहिला आणि मग शेडकडे न बघता गेला. त्यानंतर तो इकडे आलेला नाही.

अशी पिल्लं पुन्हा माझ्या आत आली. माझी खालची कड गंजून तिची चाळण झालीय. दोनतीन पावसाळ्यांत मीही मातीत जाईन, त्याचं मला काही वाटत नाही.

म्हातारी मात्र येते. संध्याकाळी काठी टेकत येते, माझ्या कडेवर हात ठेवून खाली बसते आणि हळू आवाजात बोलते. "त्यानं काढलं. मीच बोलावलं होतं त्याला. ती म्हणाली होती, फक्त साखळी ओढा." एवढंच. रोज तेच शब्द, त्याच क्रमानं, पाठ करून घेतल्यासारखे. मग डोळे पुसते, घरी जाते आणि थोरल्याला जेवायला वाढते.

माझा तिच्यावर राग आहे. नाही म्हणणार नाही. पण रोज तिचा हात अंगावर पडतो ना, तेव्हा तो किती हलका झालाय ते मला कळतं.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मला रंग नको, तेल नको, भंगारवाल्यापासून वाचवायलाही नको. कधी इकडून गेलात तर तिच्याशेजारी जरा बसा आणि साहेबांनी विचारलं तसं सरळ विचारा, कडं कोणी काढलं म्हणून. ती सांगेल. थोरला ऐकेल इतक्या मोठ्यानं सांगेल, अशी माझी खात्री आहे. सांगितलं की तिला म्हणावं, एवढंच चार शब्दांत सुनेला कळव. त्यानं शेड परत मिळणार नाही, पिल्लं उठणार नाहीत. पण धाकटी एवढ्याचीच वाट बघत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

फक्त जरा लवकर या. परवापासून म्हातारी आलेली नाही.